सोन्याचं अणुकेंद्र फुटतं तेव्हा: क्रांतिक बिंदूचा शोध आपल्या लॅपटॉपवर, पायरीपायरीने

सोन्याच्या अणुकेंद्रात १९७ न्यूक्लिऑन असतात, ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. पाण्याच्या एका थेंबातल्या रेणूंची संख्या लिहायची तर एकावर एकवीस शून्यं द्यावी लागतात. पाणी उकळलं असं म्हणताना आपण अडखळत नाही. पण १९७ कणांचा गोळा उकळला, त्याचं अवस्थांतर झालं, असं म्हणायला काही आधार आहे का? असलाच तर तो कसा तपासायचा? गेली चाळीसेक वर्षं अणुकेंद्रीय भौतिकीत या प्रश्नावर हिरीरीने वाद चालू आहे. आनंदाची गोष्ट म्हणजे या वादाचा गाभा समजून घ्यायला प्रवेगक लागत नाही. पायथॉनची तोंडओळख, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं गणित आणि दोन-तीन मोकळ्या संध्याकाळी एवढ्यावर काम भागतं.

या लेखात आपण एक कृत्रिम अणुकेंद्र बनवू, ते हजारो वेळा फोडू आणि तुकड्यांच्या आकडेवारीतून क्रांतिक बिंदू शोधू. मग खऱ्या सोन्याच्या टकरींतून निघालेल्या आकड्यांशी त्याची तुलना करू.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करून घेऊ

दोन न्यूक्लिऑन फार जवळ आले तर एकमेकांना ढकलतात, १ ते २ फेम्टोमीटरवर ओढतात, आणि त्याहून लांब गेले की त्यांच्यातलं बल जवळजवळ संपतं. रेणूंमधल्या व्हॅन डर वाल्स बलाची घडण अशीच असते. अंतरात लाखपटीचा फरक आणि ऊर्जेत कोट्यवधीपटीचा, पण आलेखाचा आकार तोच. म्हणूनच अणुकेंद्रीय द्रव्यालाही द्रव आणि वायू अशा अवस्था असाव्यात आणि त्यांच्यातली सीमारेषा एका क्रांतिक बिंदूवर, म्हणजे जिथे द्रव आणि वायू यांतला भेदच मिटतो तिथे, संपावी, ही अपेक्षा अगदी रास्त आहे. बर्कलीच्या गटाने २०१३ मध्ये अनेक प्रयोगांची माहिती एकत्र करून हे क्रांतिक तापमान १७.९ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट काढलं, ०.४ इकडेतिकडे. पुढे या एककाला एमईव्ही म्हणू. एक एमईव्ही म्हणजे सुमारे १,१६० कोटी केल्विन, म्हणजे हा आकडा वीस हजार कोटींच्या वर जातो.

दुसरी गोष्ट. अणुकेंद्रांच्या टकरींमधलं ‘अवस्थांतर’ म्हटलं की हल्ली बहुतेकांना क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा आठवतो. ते अवस्थांतर वेगळं. ते १५६ एमईव्हीच्या आसपास घडतं आणि तिथे न्यूक्लिऑनच विरघळतात. त्याचा क्रांतिक बिंदू शोधायला अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या रिक प्रवेगकावर २०१० पासून टकरींची ऊर्जा टप्प्याटप्प्याने बदलत मोजमापं झाली. त्या शोधात आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या राजीव गवई आणि सौरेंदू गुप्ता यांची जालकावरची, म्हणजे बिंदूंच्या जाळीवर मांडलेली, गणितं आणि भुवनेश्वरच्या नायसर संस्थेतले बेदांगदास मोहंती यांचं विश्लेषण यांना मोठं स्थान आहे. इथे आपण राहणार आहोत त्याच्या पुष्कळ खाली, जिथे न्यूक्लिऑन शाबूत असतात आणि फुटतो तो त्यांचा गोळा. वाचताना हे दोन विषय एकमेकांत मिसळू देऊ नका. आलेख सारखे दिसतात म्हणून घोटाळा पटकन होतो.

पायरी १: जालक बांधा

६ × ६ × ६ चा घनाकृती जालक घ्या. २१६ बिंदू, प्रत्येक बिंदू एक न्यूक्लिऑन. सोन्याचे १९७, त्यामुळे आकार पुरेसा जवळचा आहे. प्रत्येक बिंदूला वर-खाली, डावी-उजवीकडे, पुढे-मागे असे शेजारी असतात आणि शेजाऱ्यांमध्ये एकेक बंध असतो. कडेच्या बिंदूंना समोरच्या कडेशी जोडू नका. घन पदार्थांच्या गणितात तशी गुंडाळी करायची सवय असते, पण अणुकेंद्राला खराखुरा पृष्ठभाग असतो आणि तोच इथे सगळा खेळ बदलतो.

बंधांची यादी तयार झाली की मोजा. ३ × ६ × ६ × ५, म्हणजे बरोबर ५४० यायला हवेत. एक जरी कमी-जास्त आला तर पुढे जाऊ नका.

आता प्रत्येक बंधासाठी ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा काढा. तो ठरवलेल्या शक्यतेपेक्षा कमी असेल तर बंध टिकला, नाहीतर तुटला. टिकलेल्या बंधांनी जोडलेल्या बिंदूंचा एकेक पुंजका म्हणजे एकेक तुकडा. पुराच्या दिवसांत तालुक्यातले रस्ते एकेक करत बंद पडत जातात, तसंच हे. सुरुवातीला पाच-दहा रस्ते गेले तरी कुठूनतरी वाट निघते, आणि मग एका टप्प्यानंतर अचानक तालुक्याची बेटं होतात. या गणिताला पर्कोलेशन म्हणतात. अणुकेंद्रं फुटण्याला ते लागू पडतं असं १९८० च्या दशकात वोल्फगांग बाउअर आणि झेवियर कांपी यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं.

पुंजके ओळखायला ‘युनियन-फाइंड’ ही रीत वापरा. प्रत्येक बिंदू सुरुवातीला आपल्याच गटाचा मुखिया असतो. बंध टिकला की दोन्ही टोकांचे मुखिया शोधायचे, आणि ते वेगळे असतील तर एकाला दुसऱ्याच्या हाताखाली द्यायचं. सगळे बंध संपले की मुखियांप्रमाणे मोजदाद करायची. वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्रॅम होतो.

तपासणी अशी करा: शक्यता ० दिली तर २१६ सुटे कण आणि १ दिली तर २१६ चा एकच गोळा. मधल्या कुठल्याही शक्यतेला सगळ्या तुकड्यांची बेरीज २१६ च.

पायरी २: इव्हेंटचा ढीग तयार करा

इथे एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. सरळ वाटणारी पद्धत अशी की शक्यता ०.१०, ०.१२, ०.१४ अशी वाढवत न्यायची आणि दर ठिकाणी सरासरी काढायची. तसं करू नका. खऱ्या प्रयोगात ही शक्यता कुणाला दिसत नाही. सोन्याचं केंद्र कार्बनवर आदळतं तेव्हा ते किती तापलं हेही थेट दिसत नाही. दिसतात ते बाहेर पडलेले तुकडे. म्हणून प्रत्येक इव्हेंटसाठी, म्हणजे केंद्राच्या एकेका फुटण्यासाठी, शक्यता ०.०५ ते ०.६ मधून यादृच्छिक निवडा, तुकड्यांच्या आकारांची यादी साठवा, आणि ती शक्यता विश्लेषणापुरती विसरून जा. इव्हेंटची प्रतवारी करायची ती बहुलतेवरून, म्हणजे तुकड्यांच्या एकूण संख्येवरून.

पन्नास हजार इव्हेंट पुरेसे आहेत. साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतात. कोणत्या बीजाने यादृच्छिक आकडे सुरू केले ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा, म्हणजे तोच ढीग पुन्हा काढता येतो.

क्रांतिक पट्टा कुठे असेल याचा अंदाज कागदावरच बांधा. अनंत घनजालकात बंध टिकण्याची शक्यता ०.२४८८ झाली की आरपार पसरलेला पुंजका पहिल्यांदा दिसतो. तिथे प्रत्येक बिंदूला ६ शेजारी असतात. आपल्या छोट्या घनात ५४० बंध आणि २१६ बिंदू, म्हणजे सरासरी ५ च. त्या प्रमाणात उंबरठा वर सरकून ०.३ च्या जवळ जायला हवा. ०.३ ला सरासरी १६२ बंध टिकतात. दोन गट जोडणारा प्रत्येक बंध तुकड्यांची संख्या एकने कमी करतो, म्हणून २१६ वजा १६२, म्हणजे ५४. मात्र काही बंध आधीच जोडलेल्या बिंदूंमध्ये वळसा घालतात आणि संख्या कमी करत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात तुकडे ५४ हून थोडे जास्तच निघतील. ढोबळमानाने साठ ते पंचाहत्तरचा पट्टा नजरेसमोर ठेवा.

पायरी ३: मोमेंट काढा. एक इव्हेंट हाताने, मग सगळे प्रोग्रॅमने

माझ्या मते सगळ्या लेखातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे. म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा सोन्याचं केंद्र फुटलं आणि त्याच्या ७९ प्रभारांचे तुकडे असे झाले: २८, १२, ७, ५, ३, ३, मग दोनचे सहा आणि एकचे नऊ. बेरीज ७९, बहुलता २१.

सगळ्यात मोठा तुकडा, २८ चा, बाजूला ठेवा. उरलेल्यांचे तीन मोमेंट:

शून्यावा मोमेंट म्हणजे उरलेल्या तुकड्यांची नुसती संख्या: २०.
पहिला म्हणजे आकारांची बेरीज: ५१.
दुसरा म्हणजे आकारांच्या वर्गांची बेरीज: १४४ + ४९ + २५ + १८ + २४ + ९, म्हणजे २६९.

आता दुसऱ्याला शून्याव्याने गुणा आणि पहिल्याच्या वर्गाने भागा. ५३८० भागिले २६०१, उत्तर सुमारे २.०७.

हे गुणोत्तर कांपीने सुचवलं आणि ते फार शहाणपणाचं आहे. तुकड्यांची विभागणी घातांकी असेल, म्हणजे आकार वाढला की संख्या झपाट्याने कोसळत असेल, तर हे गुणोत्तर २ च्या वर जात नाही. विभागणी घातनियमाची असेल, म्हणजे लहान, मध्यम, मोठे असे सगळ्या मापांचे तुकडे एकत्र नांदत असतील, तर ते २ ओलांडतं. क्रांतिक बिंदूची ओळखच ही आहे, तिथे कुठलंही एक माप ‘नेहमीचं’ राहत नाही. आपला इव्हेंट २ च्या किंचित वर आहे. एकट्या इव्हेंटवरून काही सिद्ध होत नाही, पण एकाच कोसळण्यात १२, ७, ५ आणि नऊ सुटे प्रभार शेजारी शेजारी दिसतात, ते डोळ्यांत भरून घ्या.

मोठा तुकडा का वगळायचा? क्रांतिक बिंदूच्या अलीकडे तोच ‘द्रव’ असतो आणि बाकीचे त्यातून उडालेली ‘वाफ’. आपल्याला वाफेतले चढउतार मोजायचे आहेत. द्रवाचा वर्ग बेरजेत घेतला तर तो बाकी सगळं गिळून टाकतो.

आता प्रोग्रॅमने पन्नास हजार इव्हेंटचे हेच आकडे काढा, बहुलतेच्या कप्प्यांत सरासरी घ्या आणि तीन आलेख काढा: बहुलतेविरुद्ध दुसरा मोमेंट, बहुलतेविरुद्ध कांपीचं गुणोत्तर, आणि बहुलतेविरुद्ध सर्वांत मोठ्या तुकड्याच्या आकाराचा विचलनवर्ग. तिन्हींत शिखर दिसेल. तिन्ही शिखरं एकाच जागी येणार नाहीत आणि ती टोकदारही नसतील. हा तुमच्या प्रोग्रॅमचा दोष नव्हे. १०⁠च्या एकविसाव्या घाताइतक्या कणांच्या द्रवात अनंताकडे धावणारी राशी इथे २१६ कणांच्या भिंतीला धडकून थांबते.

पडताळायचं असेल तर जालक १० × १० × १० करा, मग २० × २० × २०. बंध अनुक्रमे २,७०० आणि २२,८०० यायला हवेत. शिखर उंच होत, अरुंद होत, ०.२४८८ या शक्यतेला मिळणाऱ्या बहुलतेकडे सरकत जाताना दिसेल. लॅपटॉपवर ही चैन आपल्याला परवडते. निसर्गात अणुकेंद्र आठ हजार कणांचं मिळत नाही. प्रयोगवाल्यांना आकार वाढवता येत नाही, कमीच करून पाहावा लागतो. म्हणूनच सोन्यानंतर लँथनम आणि क्रिप्टॉन कार्बनवर आदळवून तेच विश्लेषण पुन्हा केलं गेलं.

पायरी ४: कांपीचा ठिपक्यांचा आलेख

सरासरी बाजूला ठेवा. प्रत्येक इव्हेंटचा एक ठिपका काढा. आडव्या अक्षावर दुसऱ्या आणि पहिल्या मोमेंटच्या भागाकाराचा लॉग, उभ्या अक्षावर सर्वांत मोठ्या तुकड्याचा लॉग. दोन फांद्या दिसतील. वरची फांदी कमी तापलेल्या इव्हेंटची, जिथे एक मोठा गोळा आणि थोडी वाफ असते. खालची पार भुगा झालेल्यांची. दोन्ही फांद्या उजवीकडे जिथे मिळतात तो क्रांतिक प्रदेश.

एवढं लक्षात असू द्या की कांपीने १९८६ मध्ये हे विश्लेषण केलं ते फोटोग्राफिक इमल्शनमध्ये नोंदवलेल्या सोन्याच्या टकरींवर. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक इव्हेंट बघून मोजलेले तुकडे होते ते. इव्हेंट थोडे होते, तरी त्या दोन फांद्या दिसल्या.

पायरी ५: तीन घातांक

क्रांतिक बिंदूजवळ तीन राशींचं वागणं तीन घातांकांनी सांगता येतं. तुकड्यांच्या आकारांची विभागणी टाऊने, सर्वांत मोठ्या तुकड्याचं लहान होत जाणं बीटाने आणि दुसऱ्या मोमेंटचं फुगणं गॅमाने.

पहिल्यांदा गॅमा. एक क्रांतिक बहुलता धरून चाला. तिच्या दोन्ही बाजूंना, तिच्यापासूनच्या अंतराच्या लॉगविरुद्ध दुसऱ्या मोमेंटचा लॉग काढा आणि सरळ रेषा बसवा. द्रवाच्या बाजूला मोठा तुकडा वगळून, वायूच्या बाजूला न वगळता. दोन्ही रेषांचा उतार सारखा येईपर्यंत क्रांतिक बहुलता पुढेमागे सरकवा. जिथे उतार जुळले ती तुमची क्रांतिक बहुलता, आणि तो उतार म्हणजे उणे गॅमा. रेषा बसवताना शिखराला अगदी चिकटलेले बिंदू घेऊ नका, तिथे आकाराची मर्यादा सगळं गोल करून टाकते. फार लांबचेही घेऊ नका, तिथे क्रांतिक वागणं संपलेलं असतं. मधली खिडकी कुठून कुठपर्यंत घ्यायची हा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. खिडकी बदलून पाहा, आणि उत्तर जितकं हलतं तितकी अनिश्चितता लिहा.

बीटासाठी द्रवाच्या बाजूला सर्वांत मोठ्या तुकड्याचा लॉग घ्या. आडवा अक्ष तोच.

टाऊसाठी अनेकजण आकारांचा हिस्टोग्रॅम काढून त्यावर रेषा बसवतात. त्याहून चांगली युक्ती अशी: तिसरा मोमेंट, म्हणजे आकारांच्या घनांची बेरीज, काढा आणि दुसऱ्याच्या लॉगविरुद्ध तिसऱ्याचा लॉग मांडा. उतार येतो ४ वजा टाऊ, भागिले ३ वजा टाऊ. उलटं सोडवलं तर टाऊ म्हणजे उताराची तिप्पट वजा ४, भागिले उतार वजा १. उतार २.२ आला तर टाऊ २.१७. यात क्रांतिक बहुलता नेमकी कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही, म्हणून मला ही पद्धत जास्त भरवशाची वाटते.

शेवटी ताळा. हे तीन घातांक स्वतंत्र नाहीत. टाऊ म्हणजे २ अधिक, बीटा भागिले बीटा आणि गॅमा यांची बेरीज. तीनही वेगवेगळ्या आलेखांतून काढलेले आकडे या नात्यात बसतात का ते पाहा.

पायरी ६: खऱ्या सोन्याशी तुलना

आता खरा प्रयोग. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत बेव्हलॅक नावाचा प्रवेगक होता, तो १९९३ मध्ये बंद झाला. त्याच्या शेवटच्या काळात ईओएस गटाने दर न्यूक्लिऑनला १ जीईव्ही (म्हणजे १,००० एमईव्ही) ऊर्जेचे सोन्याचे आयन कार्बनवर सोडले. उलटं का नाही केलं, कार्बन सोन्यावर का नाही मारला? कारण स्थिर सोनं फुटलं तर जड तुकडे लक्ष्यातच अडकून बसतात. सोनंच वेगाने येत असेल तर सगळे तुकडे पुढे झेपावतात आणि शोधकात एकूणएक मोजता येतात. ज्या इव्हेंटमध्ये प्रभारांची बेरीज ७९ च्या जवळ भरली तेच विश्लेषणाला घेतले. आपण पायरी १ मध्ये ‘बेरीज २१६ च’ अशी तपासणी केली, तिचीच ही प्रयोगातली आवृत्ती.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे पर्कोलेशन आणि द्रव-वायू यांच्या शेजारी मांडू:

| | टाऊ | बीटा | गॅमा |
|---|---|---|---|
| सोनं आणि कार्बन, ईओएस | २.१४ ± ०.०६ | ०.२९ ± ०.०२ | १.४ ± ०.१ |
| त्रिमितीय पर्कोलेशन | २.१८ | ०.४१ | १.८० |
| द्रव-वायू | २.२१ | ०.३३ | १.२३ |

क्रांतिक बहुलता निघाली २६, एक इकडेतिकडे. ७९ प्रभारांपैकी २६ तुकडे, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. तुमच्या जालकातही शिखर २१६ च्या साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच यायला हवं, पायरी २ मधला अंदाज आठवा.

ताळा करून पाहा. ०.२९ भागिले १.६९ म्हणजे ०.१७, टाऊ यायला हवा २.१७. मोजलेला २.१४, त्रुटीच्या आत. टाऊवरून पर्कोलेशन आणि द्रव-वायू यांत निवड करता येत नाही, ते दोन्ही फार जवळ आहेत. निवड बीटा आणि गॅमावर होते, आणि तिथे सोनं द्रव-वायूकडे झुकतं. गटाचा निष्कर्षही हाच होता.

तुमच्या २१६ बिंदूंच्या जालकातून गॅमा १.८ येईलच असं समजू नका. तक्त्यातला आकडा अनंत जालकाचा आहे. म्हणूनच आधी जालकावर हात बसवायचा: उत्तर माहीत असलेल्या यंत्रणेतून पद्धत किती सरकलेलं उत्तर देते हे कळलं, तरच उत्तर माहीत नसलेल्या सोन्याबद्दल बोलण्याचा अधिकार येतो.

पायरी ७: स्वतःच्या निष्कर्षावर हल्ला करा

घातनियम दिसला म्हणजे क्रांतिक बिंदू सापडला, हे या विषयातलं सर्वांत मोहात पाडणारं आणि सर्वांत कच्चं विधान आहे. त्याची सुरुवातही तशीच झाली. १९८० च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू आणि फर्मीलॅबच्या गटाने ८० ते ३५० जीईव्हीचे प्रोटॉन झेनॉन आणि क्रिप्टॉनवर मारले. तुकड्यांच्या वस्तुमानांची विभागणी घातनियमाने जाताना दिसली, घातांक सुमारे २.६. मायकेल फिशरच्या १९६७ च्या थेंबांच्या सिद्धांतात क्रांतिक बिंदूवर घातांक २ ते ३ च्या मध्ये असतो. सगळं जुळलं असं वाटलं आणि पुढच्या सगळ्या संशोधनाला त्यातूनच चालना मिळाली. पण त्या मोजमापात सौम्य आणि भीषण अशा सगळ्या टकरी एकत्र होत्या.

एकत्र केल्याने काय होतं ते स्वतः करून पाहा. यात अणुकेंद्र नाही, बंध नाहीत, क्रांतिकता तर मुळीच नाही. एक ऋण घातांकी विभागणी घ्या, जिचा उतार लॅम्डा आहे (तिची बेरीज १ व्हावी म्हणून तिला कशाने गुणू नका). आता लॅम्डा बदलत राहू द्या, पण अशा रीतीने की त्याची घनता लॅम्डाच्या १.२ व्या घाताच्या प्रमाणात असेल. या सगळ्या विभागण्या मिसळा. बेरीज निघते ती आकाराच्या उणे २.२ व्या घाताची. अगदी सुबक घातनियम, आणि घटक म्हणून वापरलेल्या एकाही विभागणीत तो नाही. हातात लॉग-लॉग आलेख घेऊन कुणी क्रांतिक बिंदूचा दावा केला की पहिला प्रश्न हाच विचारा: इव्हेंट आधी वेगळे केले होते का?

दुसरा हल्ला. खऱ्या टकरीत सुरुवातीलाच काही न्यूक्लिऑन थेट धक्क्याने उडून जातात. उरलेला गोळा त्यानंतर तापतो आणि फुटतो. ते उडालेले कण बहुलतेत मोजले जातात, पण अवस्थांतराशी त्यांचा संबंध नसतो. ईओएसच्या निकालावर याच मुद्द्यावरून टीका झाली, आणि गटाने नंतरच्या विश्लेषणांत हे कण वजा केले. जालकात याची नक्कल सोपी आहे: बंध तोडण्याआधी काही बिंदू यादृच्छिक निवडून सुटे करा, जितकी टक्कर तीव्र तितके जास्त, आणि ते बहुलतेत धरा. घातांक किती हलतात ते नोंदवा.

तिसरा. शोधकाला न्यूट्रॉन सहसा दिसत नाहीत. २१६ पैकी ८६ बिंदू प्रोटॉन म्हणून रंगवा, सोन्यातलं प्रमाण तेवढंच आहे. आकार म्हणून तुकड्यातले फक्त प्रोटॉन मोजा आणि ज्यात एकही प्रोटॉन नाही तो तुकडा अदृश्य समजा. सगळं विश्लेषण पुन्हा चालवा.

चौथा हल्ला जालकाने होत नाही, पण तो सगळ्यात खोल आहे. गुल्मिनेल्ली आणि शोमाझ यांनी १९९९ मध्ये दाखवलं की लहान यंत्रणेत घातनियम आणि घातांकांचं जुळणं हे क्रांतिक बिंदूच्या खाली, द्रव आणि वायू सोबत नांदतात त्या प्रदेशातही दिसू शकतं. म्हणजे घातांक बरोबर आले तरी आपण नेमके क्रांतिक बिंदूवरच आहोत असं ठरत नाही. दुसऱ्या प्रकारचा पुरावा लागतो.

पायरी ८: तापमापक

तो दुसरा पुरावा म्हणजे तापमान. पाणी उकळताना उष्णता देत राहिलं तरी तापमान चढत नाही. अणुकेंद्रातही असं सपाट पठार दिसतं का?

तापमान मोजायला समस्थानिकांची गुणोत्तरं वापरतात. हेलियम-४ हा हेलियम-३ पेक्षा २०.६ एमईव्हीने जास्त घट्ट बांधलेला आहे, लिथियम-७ हा लिथियम-६ पेक्षा ७.२५ ने. दोन्हींचा फरक १३.३. गोळा जितका थंड तितकं घट्ट बांधलेल्या हेलियम-४ चं पारडं जड. म्हणून लिथियम-६ आणि ७ च्या संख्यांचं गुणोत्तर काढा, त्याला हेलियम-३ आणि ४ च्या गुणोत्तराने भागा, २.२ ने गुणा, नैसर्गिक लॉग घ्या आणि १३.३ ला त्या लॉगने भागा. उत्तर एमईव्हीमध्ये मिळतं. समजा तो भागाकार ६.५ आला. २.२ ने गुणून १४.३, लॉग २.६६, तापमान ५.० एमईव्ही. तुकडे जन्मतः गरम असतात आणि वाटेत स्वतःही कण सोडतात, त्यामुळे या आकड्यात दुरुस्ती करावी लागते.

जर्मनीतल्या डार्मस्टाटच्या अलादीन गटाने १९९५ मध्ये सोन्यावर सोनं आदळवून हा आलेख काढला. दर न्यूक्लिऑनला ३ ते १० एमईव्ही इतकी ऊर्जा वाढत गेली तरी तापमान ५ एमईव्हीच्या आसपास रेंगाळलं, मग पुन्हा चढलं. या पठाराने विषयात खळबळ उडवली आणि त्यावरही पुष्कळ वाद झाले, पण तुकड्यांच्या आकारांपासून अगदी वेगळ्या वाटेने आलेला हा पुरावा आहे, म्हणून त्याचं वजन मोठं. ५ एमईव्ही हे १७.९ च्या पुष्कळ खाली आहे हेही ध्यानात घ्या. पायरी ७ मधल्या चौथ्या हल्ल्याला त्यातून बळच मिळतं.

मुंबईत कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात बीएआरसी आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन हा प्रवेगक १९८८ पासून चालतो. तिथे बनणारी तापलेली अणुकेंद्रं १-२ एमईव्हीच्या पातळीवरची असतात. ती फुटून तुकडे होत नाहीत, न्यूट्रॉन आणि गॅमा किरण सोडत निवतात किंवा दुभंगतात. पठाराच्या अलीकडचा, ‘द्रव तापतो आहे’ एवढाच भाग समजून घ्यायचा असेल तर अशाच यंत्रांवरची मोजमापं वाचावीत.

पायरी ९: पर्कोलेशनच्या पुढे

आपल्या जालकात तापमान नाही, दाबही नाही आणि प्रोटॉनांमधलं विद्युत अपकर्षणही नाही. पुढचं पाऊल म्हणजे जालक-वायू प्रारूप. मॅकगिल विद्यापीठातले सुबल दासगुप्ता आणि जे. पान यांनी ते १९९५ च्या सुमारास अणुकेंद्रांसाठी वापरात आणलं. जालकावर कणांपेक्षा जास्त जागा ठेवा, म्हणजे काही जागा रिकाम्या राहतील आणि घनता ठरवता येईल. शेजारी बसलेल्या कणांना आकर्षणाची ऊर्जा द्या, मेट्रोपोलिस पद्धतीने (यादृच्छिक छोटे बदल करत आणि ऊर्जेनुसार ते स्वीकारत किंवा नाकारत) कणांची मांडणी त्या तापमानाला स्थिरावू द्या, मग प्रत्येक कणाला त्याच तापमानाच्या विभागणीतून संवेग द्या. दोन शेजाऱ्यांची एकमेकांसापेक्ष गतिज ऊर्जा आकर्षणाच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल तर त्यांच्यात बंध आहे असं धरा. बंध टिकण्याची शक्यता आता आपण हाताने देत नाही, ती तापमानातून आपोआप निघते.

पायरी १ चा युनियन-फाइंड आणि पायरी ३ ते ५ चे आलेख जसेच्या तसे इथे चालतात. घनता सामान्य अणुकेंद्राच्या एक-तृतीयांश ठेवून सुरुवात करा, कारण फुटताना गोळा साधारण तेवढा प्रसरण पावलेला असतो असं मानतात. मग तापमान बदलत जा, आणि दर तापमानाला सर्वांत मोठ्या तुकड्याच्या आकाराचा हिस्टोग्रॅम वेगळा काढून ठेवा. त्यात एका शिखराऐवजी दोन शिखरं दिसायला लागली, म्हणजे काही इव्हेंटमध्ये मोठा गोळा शिल्लक आणि काहींत सगळा भुगा, मधलं काहीच नाही, तर ती द्रव आणि वायू यांच्या सहअस्तित्वाची खूण आहे. फ्रान्समधल्या इंद्रा शोधकाच्या माहितीत हीच दोन शिखरं शोधली गेली.